वजाबाकीत उरलेला उजेड

बेंगळुरूहून कोलारच्या दिशेने निघालं की साधारण 35 किलोमीटरवर होसकोटे लागतं. तिथे भारतीय ताराभौतिकी संस्थेचा एक परिसर आहे आणि त्या परिसरातल्या एका खोलीतून लडाखमधल्या हानलेची दुर्बीण चालवतात. हिमालयन चंद्र टेलिस्कोप तिचं नाव, आरशाचा व्यास दोन मीटर. ती उभी आहे समुद्रसपाटीपासून 4500 मीटर उंचीवर, सरस्वती पर्वताच्या माथ्यावर. आणि निरीक्षक बसतो तिच्यापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, पंख्याखाली. उपग्रहामार्फत इथून आज्ञा जातात, तिथून प्रतिमा येतात. पीएच.डी.च्या काळातल्या माझ्या कितीतरी रात्री त्या खोलीत गेल्या.

मी तिथे नेमकं काय करते, हे घरी सांगताना अडचण यायची. आई फोनवर विचारायची, "नवीन काही सापडलं का गं?" खरं उत्तर असायचं की गेल्या आठवड्यात जे पाहिलं तेच आज पाहिलं आणि पुढच्या आठवड्यातही तेच पाहायचं आहे. प्रकाशाचे दोन ठिपके, एकमेकांपासून तीन विकलांहूनही (विकला म्हणजे कोन मोजायचं अगदी बारीक माप) कमी अंतरावर. त्यांचं तेज मोजायचं, नोंदवायचं, पुन्हा मोजायचं. हे काम मला तेव्हाही मोलाचं वाटत होतं. आता स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्यावर त्याहून जास्त वाटतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्वेसार म्हणजे दूरच्या एखाद्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. मधोमध कोट्यवधी, काही वेळा अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्यात पडू पाहणारा वायू भोवती तबकडीसारखा फिरत राहतो, घर्षणाने तापतो आणि इतका उजळतो की बाकीची सगळी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडते. आता अशा क्वेसारच्या आणि आपल्या अगदी मध्ये दुसरी एखादी दीर्घिका आली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाच्या वाटा वाकतात आणि एकाच क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा आपल्याला दिसतात. पहिली अशी जोडी 1979 मध्ये डेनिस वॉल्श, रॉबर्ट कारस्वेल आणि रे वेमन यांना सप्तर्षीत सापडली. सहा विकलांच्या अंतरावरचे दोन निळसर ठिपके. त्यांचे वर्णपट घेतले तर दोन्ही सारखेच निघाले. दोन वेगळे क्वेसार इतके तंतोतंत सारखे असणं अवघड होतं. तो एकच होता, दोनदा दिसलेला.

दोन प्रतिमांचा प्रकाश दोन वेगळ्या वाटांनी येतो आणि त्या वाटांना लागणारा वेळ सारखा नसतो. क्वेसारचं तेज मुळातच कमीजास्त होत असतं. तेव्हा एका प्रतिमेत आज जो चढ दिसला, तोच दुसऱ्या प्रतिमेत काही दिवसांनी किंवा महिन्यांनी दिसतो. हा विलंब मोजता आला, तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, असं नॉर्वेच्या स्यूर रेफ्सडालने 1964 मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा अशी भिंगासारखी वागणारी एकही दीर्घिका कुणी पाहिलेली नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या फ्रेडेरिक कुर्बँ आणि जॉर्ज मेलाँ यांनी 2004 मध्ये याच कामासाठी कॉस्मोग्रेल हा प्रकल्प सुरू केला. चिलीत ला सिया इथली 1.2 मीटरची ऑयलर दुर्बीण, ला पाल्मा बेटावरची तेवढीच मर्केटर, उझबेकिस्तानातल्या मायदानक डोंगरावरची दीड मीटरची दुर्बीण, आणि त्यांच्या जोडीला आमचं हानले. सगळ्या लहान दुर्बिणी. मोठ्या दुर्बिणी इतक्या वेळा, इतकी वर्षं एकाच ठिकाणी वळत नाहीत. त्यांच्यापुढे रांग फार मोठी असते.

मी ज्या जोडीवर सगळ्यात जास्त वेळ घालवला तिला नाव नाही, पत्ता आहे: एसडीएसएस जे1001+5027. तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीची ती गोष्ट. हिवाळ्यात मध्यरात्रीच्या सुमारास ती हानलेच्या आकाशात उंच येते. हिवाळ्यात तिथे रात्रीचं तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतं. होसकोट्याला आम्ही स्वेटरशिवाय बसलेलो आणि पडद्यावर तिकडच्या हवामानाचे आकडे. ते पाहून घुमटाजवळ असलेल्या माणसांची आठवण ठेवणं भाग पडायचं.

कारण दुर्बीण दुरून चालत असली तरी ती एकटी नसते. कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी सीसीडी चिप थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन भरावा लागतो, तो कुणीतरी हातमोजे घालून भरतो. घुमट उघडायचा की नाही, हे आकाशाकडे बघून तिथला माणूस सांगतो. बरेच सहायक लडाखीच. त्यांचा अंदाज आमच्या उपग्रहचित्रांपेक्षा खरा ठरायचा. एखाद्या रात्री सगळं सुरळीत चालू असताना फोन यायचा, "मॅडम, हवा तेज हो गयी, बंद करना पड़ेगा." वाद घालायचा प्रश्नच नसायचा. घुमट बंद, आणि त्या आठवड्याचा आलेखावरचा आमचा बिंदू गेला.

संध्याकाळी सूर्य मावळला की आधी संधिप्रकाशातल्या कोऱ्या आकाशाच्या काही प्रतिमा घ्यायच्या. त्यांना आम्ही फ्लॅट म्हणतो. सीसीडीचे सगळे चौकोन सारखेच संवेदनशील नसतात. कोण किती कमी पडतो हे त्यावरून कळतं. मग फोकस. मग पहिला निरीक्षक आपलं काम सुरू करतो. आमच्या कार्यक्रमाला पूर्ण रात्री क्वचितच मिळायच्या. दुसऱ्या कुणाच्या तरी रात्रीतला तास-पाऊण तास आमच्या वाट्याला यायचा. नवताऱ्यावर किंवा एखाद्या धूमकेतूवर काम करणारा माणूस आपल्या लयीत असताना त्याला दुर्बीण वळवायला सांगायची, आणि तास झाला की परत द्यायची. बहुतेक जण खुशीने देत. त्या एका तासात लाल फिल्टर लावून काही मिनिटांच्या एकेक अशा चार-पाच प्रतिमा घ्यायच्या. पडद्यावर पहिली प्रतिमा उमटली की मी सर्वांत आधी एकच गोष्ट बघायचे: दोन ठिपके वेगळे दिसतात का? वातावरण शांत असेल तर स्वच्छ दिसायचे. अस्थिर असेल तर दोन्ही मिळून एक लांबट डाग. त्या डागातूनही दोन ठिपके गणिताने सोडवता येतात; पिएर मागँ, कुर्बँ आणि सँड्रिन सोई यांनी 1998 मध्ये दिलेली रीत आम्ही वापरत होतो. आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्या रात्रीचा ठिपका किती पसरला आहे हे काढायचं आणि तो पसारा उलटा फिरवायचा. पण डाग तो डागच. स्वच्छ रात्रीची सर त्याला येत नाही.

एका उन्हाळ्यात मला हानलेला जायला मिळालं. लेहमध्ये थांबून हवेची सवय करून घ्यायची, मग सिंधूच्या काठाकाठाने दिवसभर गाडी. इतकी वर्षं जी दुर्बीण मी फक्त पडद्यावरच्या खिडक्यांमधून ओळखत होते, ती समोर उभी होती आणि चार पायऱ्या चढून मला धाप लागली होती. रात्री मी यंत्रांजवळ न थांबता बाहेर उभी राहिले. तिथल्या आकाशाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. 2022 पासून तो परिसर अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीरही झाला आहे. मला आठवतं ते इतकंच की नायट्रोजन भरणाऱ्या सहायकाच्या हाताला मी दिवसा हात मिळवला, तेव्हा त्याच्या बोटांवर थंडीच्या जुन्या भेगा होत्या. परत आल्यावर माझ्या नोंदवहीत 'हवामानामुळे निरीक्षण नाही' असं लिहिताना माझा हात पूर्वीसारखा चिडून चालत नव्हता.

आता वजाबाकीकडे येते, कारण माझ्या कामाचा जीव तिथे आहे.

अनेक हिवाळ्यांचे बिंदू साठले की दोन प्रतिमांच्या दोन रेघा तयार होतात. माझ्या जे1001 या जोडीत अ प्रतिमा पुढे आहे, ब मागून येते. 2005 ते 2011 या काळातली मर्केटर, मायदानक आणि हानले यांची निरीक्षणं एकत्र करून तिचा विलंब 119.3 दिवस निघाला, तीन-साडेतीन दिवस इकडे-तिकडे. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अ ची रेघ 119 दिवस सरकवून ब वर ठेवली की चढाला चढ, उताराला उतार जुळतो. हे पहिल्यांदा स्वतःच्या पडद्यावर जुळताना पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नव्हते. दहा अब्ज वर्षांपूर्वीची एकच घटना मी दोनदा पाहत होते.

पण रेघा पूर्ण जुळत नाहीत. एकीतून दुसरी वजा केली तर हाती एक सपाट रेघ यायला हवी. ती सपाट येत नाही. एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती हळूहळू कलते, मध्येच फुगते. क्वेसारमध्ये जे घडलं ते दोन्ही प्रतिमांत सारखंच दिसलं पाहिजे. तेव्हा जे एकाच प्रतिमेत दिसतं, ते क्वेसारमध्ये घडलेलं नाही, वाटेत घडलेलं आहे.

विलंब मोजणाऱ्यांना हे उरलेलं नको असतं. त्याला एक गुळगुळीत वक्र बसवायचा आणि काढून टाकायचा, म्हणजे विलंब अचूक येतो. मलाही सुरुवातीला हेच शिकवलं होतं आणि त्या कामापुरतं ते बरोबरच आहे. माझं मन मात्र काढून टाकलेल्या वक्रावरच रेंगाळायला लागलं.

वाटेत घडतं ते असं. मधली दीर्घिका ही एकसंध काच नव्हे. ती ताऱ्यांची बनलेली आहे. प्रतिमेचा प्रकाश ज्या भागातून येतो तिथले सुटे तारेसुद्धा आपापल्या परीने भिंगाचं काम करतात. आपल्याला दिसणारी एक प्रतिमा खरं तर अनेक बारीक प्रतिमांची मिळून झालेली असते, पण त्या इतक्या जवळ असतात की कुठलीच दुर्बीण त्यांना वेगळं करू शकत नाही. कळतं ते फक्त एकूण तेज. तारे सरकतात, दीर्घिका सरकते, आपण सरकतो, आणि ते तेज बदलतं. यालाच मायक्रोलेन्सिंग म्हणतात. क्वेसारच्या बाबतीत हे घडेल असं क्याँग-ए चँग आणि रेफ्सडाल यांनी 1979 मध्येच लिहून ठेवलं, म्हणजे पहिली जोडी सापडली त्याच वर्षी. भारतातही या विषयावर लवकर काम झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमण्यन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून गुरुत्वीय भिंगांची गणितं मांडत होते. आपल्या विद्यार्थ्यांना हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

विद्यार्थ्यांना समजावताना मी मामाच्या मळ्यातल्या हौदाचं उदाहरण देते. दुपारी ऊन डोक्यावर आलं आणि पाणी हललं की हौदाच्या तळाशी उजेडाची जाळी थरथरते: मध्ये अंधुक भाग आणि कडांना लख्ख, बारीक रेषा. पृष्ठभागावरच्या लाटा उजेड गोळा करतात, म्हणून त्या रेषा. मधल्या दीर्घिकेतले तारे म्हणजे त्या लाटा, आणि क्वेसार त्या तळावरून सरकणारा एक ठिपका. ठिपका लख्ख रेषेवर आला की प्रतिमा उजळते, रेषा ओलांडली की पुन्हा मंदावते. आता महत्त्वाचं: ठिपका मुंगीएवढा असेल तर रेषेवर येताच एकदम झळकेल. तोच भाकरीएवढा असेल तर रेषेचा उजेड त्याच्या थोड्याशाच भागावर पडेल आणि चढ हळू, बसका दिसेल. म्हणजे तेज किती आणि किती वेगाने चढलं, यावरून ठिपक्याचा आकार कळतो.

हा ठिपका म्हणजे कृष्णविवराभोवतीची ती तापलेली तबकडी. दृश्य प्रकाशात तिचा पसारा साधारण एखाद्या प्रकाशदिवसाचा, म्हणजे काही हजार कोटी किलोमीटरचा. ऐकायला मोठा वाटतो. पण दहा अब्ज प्रकाशवर्षांच्या भाषेत तो आकाशात एका विकलेच्या कोट्यंशाएवढा होतो. हबल दुर्बिणीला जे बारकावे दिसतात त्यांच्यापेक्षा लाखो पटींनी बारीक. थेट चित्र घेऊन ती तबकडी पाहण्याचा मार्ग नाही. दूरच्या दीर्घिकेतले अनोळखी तारे मात्र तिला आपल्यासाठी चाचपून बघतात, आणि त्याची नोंद दोन मीटरच्या, दीड मीटरच्या, 1.2 मीटरच्या दुर्बिणींना घेता येते. मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

या अभ्यासाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे महाश्वातला आइन्स्टाइन क्रॉस. जॉन हुक्रा आणि सहकाऱ्यांना तो 1985 मध्ये सापडला. जवळच्या एका सर्पिल दीर्घिकेच्या गाभ्याभोवती एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा, फुलीसारख्या. भिंगाची दीर्घिका आपल्यापासून सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षांवर, म्हणजे भिंगांच्या हिशोबाने अगदी शेजारी. चार वाटा जवळजवळ सारख्याच लांबीच्या, त्यामुळे चार प्रतिमांमधला विलंब जेमतेम तासांचा. सरकवासरकवीची गरजच नाही. एका प्रतिमेतून दुसरी वजा केली की मायक्रोलेन्सिंग हातात. शिवाय प्रकाश दीर्घिकेच्या दाट गाभ्यातून येतो, तिथे तारे खच्चून भरलेले. माइक अर्विन, रेचेल वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये इथेच मायक्रोलेन्सिंग पहिल्यांदा टिपलं. पुढे पोलंडच्या ओगल या चमूने चिलीतल्या लास कँपानास इथल्या 1.3 मीटरच्या दुर्बिणीतून 1997 ते 2008 इतकी वर्षं या चार ठिपक्यांची नोंद ठेवली आणि ती सर्वांसाठी खुली केली. 1999 मध्ये क प्रतिमा कशी झरझर उजळत गेली आणि मग उतरली, हे त्या नोंदींत बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. मी स्वतः त्या दुर्बिणीजवळ कधी गेलेले नाही. माझ्या हाताखालची पहिली गणितं मात्र त्या आकड्यांवर झाली.

गणितं लांबलचक असतात. मधल्या दीर्घिकेतला कुठला तारा नेमका कुठे आहे, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून संगणकात तारे यदृच्छेने पसरायचे, प्रकाशकिरण उलटे, म्हणजे आपल्याकडून क्वेसारकडे सोडायचे, आणि ते तिकडच्या प्रतलावर कुठे दाट पडतात, कुठे विरळ, ते मोजायचं. योआखिम वाम्ब्सगान्स यांनी रुळवलेली ही रीत आजही चालते. कोट्यवधी किरण सोडल्यावर जाळीचा एक नकाशा मिळतो. मग त्या नकाशावरून वेगवेगळ्या आकारांच्या तबकड्या, वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या वेगांनी सरकवायच्या आणि कुठली वाट आपल्या निरीक्षणांशी जुळते ते बघायचं. लाखो वाटांतल्या थोड्याच जुळतात. उत्तर एका आकड्यात येत नाही. 'तबकडी बहुधा इतकी आहे' असं येतं. जितकी वर्षं नोंद जास्त, जितके खंड कमी, तितका तो 'बहुधा' भक्कम होतो.

या रीतीने जे हाती आलं ते साधंसुधं नाही. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव यांनी 1973 मध्ये मांडलेल्या तबकडीच्या सिद्धांताप्रमाणे आतला भाग जास्त तापलेला, निळा. बाहेरचा थंड, तांबडा. आइन्स्टाइन क्रॉसचे वर्णपट चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून काही वर्षं घेतले गेले, तेव्हा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त चढउतार करताना दिसला. सिद्धांत इथे जुळला. पण अनेक क्वेसारांत तबकडीचा आकार, तिच्या तेजावरून निघतो त्याच्या दोन-चार पट मोठा भरतो. का, यावर अजून चर्चा चालू आहे. क्ष-किरणांत तर चढउतार त्याहून तीव्र. चंद्र क्ष-किरण वेधशाळेने चषक तारकासमूहातल्या आरएक्स जे1131 या भिंगाच्या प्रतिमा कित्येक पटींनी बदलताना पाहिल्या. म्हणजे क्ष-किरण कृष्णविवराला अगदी लगटून असलेल्या छोट्या भागातून येतात. अवकाशातली ती वेधशाळा आणि हानलेची आमची दुर्बीण, दोन्ही सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या, एकाच प्रश्नाची दोन टोकं धरून आहेत, याचा मला त्या काळात आनंद वाटायचा.

आता एक सल सांगते. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज करावे लागतात. पीएच.डी.नंतर दुसरीकडे काम करताना मी एका दुर्बिणीसाठी असाच अर्ज केला होता. समितीचा अभिप्राय आला: हीच वस्तू याआधी अनेक वर्षं पाहिली गेली आहे, नवीन काय मिळणार? वेळ नाकारला गेला. त्या वर्षीचा माझ्या रेघेतला खड्डा आजही तसाच आहे. दुसऱ्या विषयात एखादी वस्तू पुढच्या वर्षी पाहता येते. इथे येत नाही. तो हिवाळा गेला की गेला. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात प्रतिमा रेषा ओलांडत असेल, तर ती पुन्हा केव्हा ओलांडेल हे सांगता येत नाही. बहुतेक भिंगांत अशा घटनांमध्ये वर्षं, कधी दशकं जातात. समितीतल्या लोकांबद्दल मला राग नाही, त्यांच्यासमोर अर्ज पुष्कळ होते. पण 'पुन्हा तेच' हा आक्षेप मला कधीच पटला नाही, कारण या कामात पुन्हा तेच पाहणं हीच पद्धत आहे.

1979 मध्ये सापडलेल्या त्या पहिल्या जोडीचंच बघा. तिचा विलंब 415 दिवसांच्या आसपास की 540 च्या, यावर पंधरा वर्षं वाद चालला. दोन्ही बाजूंकडे नोंदी होत्या, पण विरळ. डिसेंबर 1994 मध्ये तोमिस्लाव कुंडिच आणि सहकाऱ्यांना अ प्रतिमेत एक तीव्र उतार सापडला, जवळपास दहा टक्क्यांचा. त्यांनी आधीच छापून टाकलं: छोटा विलंब खरा असेल तर ब प्रतिमेत हाच उतार फेब्रुवारी 1996 मध्ये दिसेल, मोठा खरा असेल तर जूनमध्ये. मग त्यांनी नोंदी चालू ठेवल्या. उतार फेब्रुवारीत आला. विलंब 417 दिवस ठरला आणि वाद मिटला. कुठल्याही महाकाय दुर्बिणीने तो मिटवला नाही. त्या हिवाळ्यात कुणीतरी रोजच्या रोज बघत होतं, म्हणून मिटला.

कॉस्मोग्रेलने 2020 मध्ये पंधरा वर्षांच्या नोंदींवरून 18 भिंगांचे विलंब एकत्र प्रसिद्ध केले. त्याच नोंदी मायक्रोलेन्सिंगवाल्यांसाठी खाण ठरल्या आहेत. विलंबवाल्यांनी बाजूला काढलेला वक्र हाच आमचा कच्चा माल. चिलीत आता रुबिन वेधशाळेची 8.4 मीटरची दुर्बीण सुरू झाली आहे. ती दहा वर्षं दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे आणि त्यात भिंगातून दिसणारे हजारो क्वेसार सापडतील अशी अपेक्षा आहे. ज्या कामासाठी आम्ही एकेका तासाच्या विनवण्या करत होतो, ते तिथे आपोआप होईल. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

मात्र रुबिन दक्षिणेत आहे. सप्तर्षीतली पहिली जोडी तिला क्षितिजाच्या वर नीट येतच नाही. माझी जे1001 सुद्धा नाही. उत्तरेकडच्या या भिंगांची अनेक वर्षांची रेघ पुढे ओढायची असेल, तर ती उत्तरेतल्याच लहान दुर्बिणींनी ओढायला हवी. हानलेची आहे. पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरचीच दुर्बीण आहे. नैनितालजवळ देवस्थळला 3.6 मीटरची आहे. अशा दुर्बिणींवर वेळ वाटणाऱ्यांना माझी विनंती आहे की वर्षातले थोडे तास, दर आठवड्याला, न चुकता, या जोड्यांसाठी राखून ठेवावेत. त्यातून वर्षाला एक शोधनिबंध निघणार नाही. दहा वर्षांनी मात्र जे निघेल ते दुसऱ्या कुणाकडे नसेल.

आणि महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांनाही एक सांगते. सप्तर्षीतली ती जोडी सतराव्या प्रतीच्या आसपासची आहे. आठ-दहा इंची दुर्बीण, चांगला कॅमेरा आणि शहरापासून दूरचं आकाश असेल तर तिचं छायाचित्र घेता येतं. फेब्रुवारीत ती मध्यरात्रीच्या सुमारास उत्तरेला पन्नास अंशांवर असते. एनजीसी 3079 ही कडेने दिसणारी दीर्घिका आधी शोधा, क्वेसार तिच्या शेजारीच सापडेल. दोन ठिपके वेगळे दिसले, तर ती प्रतिमा जपून ठेवा, तारीख-वेळ लिहा, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा घ्या.